पाय वाचवायचा तर यंत्र कुठे बसवायचं?

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणावी की नाही, हा वाद आपल्याकडे ज्या रीतीने चालला आहे ती रीतच मला मान्य नाही. एका बाजूला उत्साही मंडळी आहेत. देशात व्हॅस्क्युलर सर्जन फार थोडे, जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत; ही उणीव यंत्र भरून काढेल, रोबो बायपास करेल आणि तालुक्याच्या रुग्णाला महानगरातलं कौशल्य जागच्या जागी मिळेल, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूने तितक्याच ठामपणे विचारलं जातं, की जिथे सरकारी दवाखान्यात साधं ड्रेसिंगचं सामान कधी संपेल याचा भरवसा नाही, तिथे असल्या गोष्टींवर पैसा घालवायचाच कशाला? दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण दोघींच्या डोळ्यांसमोर चित्र एकच आहे: शस्त्रक्रियागृह, टेबलावर रुग्ण, आणि शेजारी सर्जन उभा असावा की यंत्र. तो रुग्ण त्या टेबलापर्यंत पोचायला किती महिने लागले, आणि जो पोचलाच नाही त्याच्या पायाचं काय झालं, हे कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. भारतासारख्या देशात या तंत्रज्ञानाची जागा शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी आहे. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपजिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. ‘या पायाला रक्त कमी पोचत असावं, याला आजच पुढे पाठवा’ एवढं सांगण्याचं काम यंत्राला जरूर द्यावं आणि लवकर द्यावं. ‘हा पाय आता वाचण्यासारखा नाही’ असं सांगण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये, आणि आपल्या आजच्या रुग्णालयीन नोंदींवर शिकलेल्या यंत्राला तर मुळीच देऊ नये. पहिल्या सल्ल्यात यंत्र चुकलं तर एका माणसाचा एक हेलपाटा वाया जातो. दुसऱ्यात चुकलं तर पाय जातो, आणि पाय एकदा कापला की ते यंत्र चुकलं होतं हे सिद्ध करायला पुरावाही उरत नाही.

आधी पाय कसा जातो ते बघू, कारण या वादात त्याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या अभ्यासाने २०२३ साली देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाखांच्या घरात सांगितला. त्याशिवाय १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मधुमेह पायावर दोन बाजूंनी हल्ला करतो. नसा बधिर होतात, म्हणून चप्पल लागली, काटा रुतला, गरम पाण्याने भाजलं, तरी कळत नाही. आणि धमन्या अरुंद होतात, म्हणून ती न कळलेली जखम भरून येण्याइतकं रक्तच पोचत नाही. चालताना पोटरीत गोळा येणं ही धमनी अरुंद झाल्याची नेहमीची खूण. पण बधिर पायाच्या माणसात तीही लपून राहते. मग जखमेवर आठवडेच्या आठवडे पट्ट्या बदलल्या जातात, प्रतिजैविकं बदलली जातात, साखरेच्या गोळ्या वाढवल्या जातात. एखादं बोट काळं पडलं तर कापलं जातं, आणि रक्तपुरवठा न तपासताच कापलं म्हणून तिथली जखमही भरत नाही. मग पाऊल, मग गुडघ्याखालून, मग गुडघ्यावरून. या सगळ्या काळात धमनी मोकळी करण्याचं कौशल्य देशात उपलब्ध असतं. फुग्याने धमनी रुंद करणारे आणि पायाच्याच शिरेने बायपास करणारे उत्तम हात आपल्याकडे आहेत. त्या हातांपर्यंत हा पाय वेळेत जात नाही, कारण वाटेत कुणालाही शंका येत नाही.

अचानक गुठळी अडकून पाय थंड पडला तर प्रश्न आठवड्यांचाही राहत नाही. साधारण सहा तासांनंतर स्नायू मरू लागतात, असं वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. हे सहा तास आपल्याकडे ‘वात आला असेल’, ‘कंबरेची शीर दबली असेल’ अशा तर्कांत आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात निघून जातात. शस्त्रक्रियागृहातला रोबो कितीही हुशार असला तरी हे तास परत आणू शकत नाही.

म्हणून जिथे वेळ वाया जातो तिथे यंत्र नेलं पाहिजे. हे कल्पनारंजन नाही, शेजारच्या शाखांत असं झालेलं आहे. मेंदूतली मोठी धमनी बंद पडल्याचा संशय सीटी स्कॅनवर ओळखून थेट तज्ज्ञाच्या फोनवर सूचना पाठवणाऱ्या प्रणालीला अमेरिकेच्या नियामकाने २०१८ मध्ये मान्यता दिली. ती उपचार ठरवत नाही. ती फक्त रांग मोडून तज्ज्ञाला उठवते, आणि पक्षाघातात तेवढंही अनमोल असतं. २०२० मध्ये त्याच नियामकाने हृदयाची सोनोग्राफी करताना प्रोब कुठे आणि कसा धरायचा हे तज्ज्ञ नसलेल्या कर्मचाऱ्याला पडद्यावर सांगत जाणाऱ्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरच्या व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीत छातीचा एक्स-रे संगणकाने वाचायला हरकत नसल्याचं सांगितलं, आणि या क्षेत्रातलं एक ठळक नाव, क्युअर डॉट एआय, मुंबईचं आहे. पायाच्या बाबतीत लागणारी साधनं याहून साधी आहेत. हातात मावणारं डॉपलर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह ध्वनिलहरींनी ऐकवणारं उपकरण, रक्तदाबाचा पट्टा, जखमेचा फोटो. धमनीतून येणाऱ्या आवाजाचा आणि लहरीचा आकार निरोगी आहे की अडथळ्यामुळे सपाट झाला आहे, हे ओळखणं ही नमुना ओळखण्याची गोष्ट आहे, आणि नमुना ओळखणं हेच तर या यंत्रांना जमतं.

आता विरोधकांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा. ते म्हणतात, पायाची नाडी बघायला यंत्र कशाला? पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली की काम झालं. फार तर घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजा, भागाकार करा, उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर धमनीत अडथळा आहे असं समजा. कागद आणि पेन्सिल पुरते. जो देश आपल्या डॉक्टरांना रुग्णाचे मोजे काढायला लावू शकत नाही, त्याने अल्गोरिदम विकत घेऊ नये.

हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. पाय उघडा करून न बघता चालणारं कुठलंही यंत्र निरुपयोगी आहे, आणि यंत्र आलं म्हणून बोटं ठेवायची थांबली तर तो तोटाच. पण बोटांची गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. सुजलेल्या, थंड पावलावरची नाडी लागली की नाही यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होईलच असं नाही. आणि तो साधा भागाकार नेमका मधुमेहातच फसवतो. मधुमेह्याच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, क्षार धरलेल्या नळासारखी ती कडक होते, पट्टा कितीही आवळला तरी दबत नाही. मग घोट्याचा दाब खोटाच जास्त येतो, भागाकार १.४ च्याही वर जातो किंवा, याहून धोकादायक म्हणजे, अगदी नॉर्मल दिसतो. आतून रक्त नाही, कागदावर पाय ठणठणीत. अशा वेळी अंगठ्याचा दाब बघावा लागतो, लहरीचा आकार बघावा लागतो, आणि ते वाचायला जी सवय लागते ती उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे नसते. तिची अपेक्षा करणंही अन्यायाचं आहे. कागद-पेन्सिलीची पद्धत कित्येक दशकं उपलब्ध आहे. तरी ती खालपर्यंत का पोचली नाही? तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपण चालवतो, आशा सेविका घरोघर अर्ज भरतात, बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो, दंडाला पट्टा बांधला जातो. त्याच माणसाच्या पायाशी मात्र आपण वाकत नाही. इच्छा नाही असं नव्हे. वाकून जे ऐकू येतं त्याचा अर्थ सांगणारं तिथे कुणी नाही. ती एक जागा यंत्र भरू शकतं.

दुसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, आणि तो या क्षेत्रातल्या प्रत्येक विक्रेत्याने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. मधुमेहाने दृष्टिपटलाला होणारी इजा ओळखणारी गूगलची प्रणाली २०१६ मध्ये जगासमोर आली. अमेरिकेतल्या आणि भारतातल्या नेत्ररुग्णालयांमधल्या सव्वा लाखाहून अधिक प्रतिमांवर ती शिकली होती आणि प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या तोडीची ठरली होती. पुढे ती थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत नेली तेव्हा पाचातली साधारण एक प्रतिमा यंत्राने नाकारली. खोल्यांत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट मंद होतं, परिचारिकांवर कामाचा ताण होता. प्रतिमा नाकारली की नियमाप्रमाणे रुग्णाला दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं, मग तो डोळा अनुभवी परिचारिकेच्या नजरेला बरा दिसत असला तरी. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरात असलेल्या, जंतुसंसर्गाने प्रकृती ढासळण्याचा इशारा देणाऱ्या एका प्रणालीची स्वतंत्र तपासणी झाली, आणि तीन रुग्णांमागे दोन रुग्ण तिच्या नजरेतून सुटल्याचं दिसलं. श्रीमंत देशातल्या सुसज्ज रुग्णालयात ही गत, तर आपल्याकडे काय होईल?

प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष ‘यंत्र नको’ हा नाही. यंत्राची परीक्षा कुठे घ्यायची, हा आहे. थायलंडमध्ये जे कळलं ते तिथल्या दवाखान्यात जाऊन बसल्यामुळे कळलं. आपल्याकडे एखादी प्रणाली महानगरातल्या पंचतारांकित रुग्णालयात वापरून बघायची, तिथले आकडे सादर करायचे आणि मग ती जिल्ह्यांना वाटायची, हा क्रम उलटा करायला हवा. जिथे वीज जाते, जिथे डॉपलरसाठी कातडीवर लावायची जेल संपलेली असते, जिथे पाय धुतलेला नसतो आणि बाहेर पन्नास माणसं ताटकळलेली असतात, तिथे जे टिकेल त्यालाच पैसे मिळावेत.

तिसरा प्रश्न अधिक खोल आहे: यंत्र शिकणार कुणाच्या शरीरावर? पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींमध्ये पायाच्या धमन्यांचा आजार मुख्यतः साठी-सत्तरीतल्या माणसांचा, चरबीच्या थरांनी आलेला. आपल्याकडे त्याच वॉर्डात तिशी-चाळिशीतला, बिडी ओढणारा शेतमजूरही असतो. त्याला बर्गर रोग असतो, ज्यात पोटरीखालच्या बारीक धमन्या सुजून बंद होतात. त्याच्यासाठी सगळ्यांत मोठा उपचार तंबाखू पूर्ण सोडणं हाच. तरुण स्त्रियांच्या महाधमनीला आणि तिच्या फाट्यांना ग्रासणारा ताकायासू रोगही पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियात जास्त आढळतो. कातडी सावळी असली की लाली उशिरा दिसते, म्हणून गोऱ्या पायांच्या फोटोंवर शिकलेलं यंत्र आपल्या जखमांमधला संसर्ग ओळखण्यात चुकू शकतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरनेच कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन जास्त दाखवल्याचं २०२० साली समोर आलं, आणि ते उपकरण त्याआधी कित्येक वर्षं जगभर वापरात होतं.

यावर काही जण म्हणतात, म्हणूनच थांबू या. आधी प्रगत देशांत हे पक्कं होऊ दे, मग आपण घेऊ. इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. बधिर पायाला जखमा का होतात, हे जगाला कुठे उमगलं? पॉल ब्रँड हे सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. कुष्ठरोगात मांस आपोआप झडतं हा समज त्यांनी खोडून काढला. वेदना कळत नाही, म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब येतो आणि जखम होते, हे त्यांनी दाखवलं. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथे गेले, आणि भारतातल्या सर्वांत उपेक्षित माणसांच्या पायांवरून मिळालेलं हे ज्ञान तिथल्या मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं गेलं. आज श्रीमंत देशांत मधुमेही पायाची जी काळजी घेतली जाते तिच्या मुळाशी वेल्लोर आहे. पोटातल्या महाधमनीचा फुगा पोट न फाडता, मांडीच्या धमनीतून आत कृत्रिम नळी (ग्राफ्ट) सरकवून दुरुस्त करण्याची जी पद्धत जगभर रुळली, तिची वाट १९९० मध्ये ब्युनॉस आयरिसमध्ये हुआन पारोदी यांनी मोकळी केली. त्याच्या काही वर्षं आधी छातीतल्या महाधमनीसाठी तसाच प्रयत्न खारकीव्हमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी केला होता. अर्जेंटिना आणि तेव्हाचा सोव्हिएत युक्रेन हे काही साधनसंपत्तीने ओसंडणारे देश नव्हते. जयपूर फूट १९६०च्या दशकाच्या शेवटी एका कारागिराच्या आणि अस्थिरोगतज्ज्ञाच्या सहकार्यातून आपल्याच मातीत घडला, कारण मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी शेतात उतरणाऱ्या माणसाला परदेशी पाय उपयोगाचा नव्हता. कापलेल्या पायाच्या जागी स्वतःचा पाय घडवणाऱ्या देशाने कापण्याआधीच्या टप्प्यावर मात्र दुसऱ्याच्या शहाणपणाची वाट बघत बसावं?

पण ‘आपल्याच नोंदींवर यंत्र शिकवा’ एवढं म्हणून भागत नाही, आणि इथेच उत्साही मंडळींशी माझं खरं भांडण आहे. आपल्या नोंदींत काय लिहिलेलं असतं? रुग्णाचं वय, साखर, जखमेची खोली, आणि शेवटी: गुडघ्याखालून पाय काढला. का काढला? धमनी मोकळी करणं वैद्यकीयदृष्ट्या अशक्य होतं म्हणून? की त्या जिल्ह्यात ते करणारं कुणी नव्हतं म्हणून, मुलाने शहरात न्यायला नकार दिला म्हणून, योजनेचं कार्ड चालत नव्हतं म्हणून, सहा महिने पट्ट्या बदलण्यात गेले म्हणून? केसपेपरवर याला जागाच नाही. यंत्राच्या दृष्टीने या सगळ्यांचा निकाल एकच: पाय गेला. अशा हजारो नोंदी वाचून ते शिकेल, की अमुक तालुक्यातला, उशिरा येणारा, मोठी जखम घेऊन येणारा पाय वाचत नाही. ते खोटं बोलत नसेल. गेल्या दहा वर्षांत खरंच तसं घडलेलं असेल. पण ‘वाचवला गेला नाही’ आणि ‘वाचू शकत नाही’ यांतला फरक त्याला कधीच कळणार नाही, कारण तो फरक आपणच कुठे लिहून ठेवलेला नाही.

असं घडतं, याचा पुरावा आहे. अमेरिकेत कुणाला जास्त वैद्यकीय देखभालीची गरज आहे हे ठरवणाऱ्या, मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका अल्गोरिदमची चिकित्सा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. त्या अल्गोरिदमने गरज मोजण्यासाठी आजवर झालेला खर्च हे माप धरलं होतं. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्च कमी झालेला, म्हणून ते अधिक आजारी असूनही त्यांची गरज कमी दिसत होती. कुणाच्या मनात द्वेष होता असं समजायचं कारण नाही. जुना अन्याय आकड्यांत आधीच होता आणि यंत्राने तो निष्ठेने पुढे चालवला. आपल्याकडे खर्चाच्या जागी ‘पाय गेला की राहिला’ हा निकाल ठेवा, वर्णाच्या जागी अंतर, जात, गरिबी आणि बाईपण ठेवा. आता समजा असं भाकीत उद्या विमा योजनेच्या पूर्वपरवानगीच्या टेबलावर आलं. अँजिओप्लास्टीचा खर्च मंजूर करायचा की नाही? पडद्यावर यशाची शक्यता कमी दिसते आहे, पाय काढणं स्वस्त आहे, आणि निर्णय घेणाऱ्याला सांगता येतं की मी नाही, शास्त्राने ठरवलं. गरिबाचा पाय कापण्याचा निर्णय आज निदान कुणीतरी माणूस घेतो, त्याला प्रश्न विचारता येतो. तो निर्णय आकड्यामागे गेला तर कुणाला विचारणार?

चार्ल्स डॉटर यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १६ जानेवारी १९६४ रोजी, अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये, या रेडिऑलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली अरुंद धमनी नळ्या घालून आतून रुंद केली. तिच्या पायाला गँगरीन लागलं होतं, सर्जनांनी पाय काढण्याचा सल्ला दिला होता, तिने तो नाकारला होता. पाऊल उबदार झालं, जखमा भरल्या, आणि ती पुढे शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली. आज जगभर रोज होणाऱ्या अँजिओप्लास्टीचा आरंभ तो. त्या दिवशी १९६३ पर्यंतच्या सगळ्या नोंदींवर शिकलेलं सर्वोत्तम यंत्र त्या खोलीत असतं, तर त्याने काय सांगितलं असतं? पाय काढा. आणि तोवरच्या सर्व मापदंडांवर ते अचूक ठरलं असतं. भूतकाळावर शिकणारी गोष्ट धोक्याचा इशारा देण्यासाठी उत्तम असते. आशा कुठे संपते हे तिला ठरवू देणं म्हणजे काल जितकं जमलं तितकंच उद्याही जमेल, असं आधीच कबूल करणं. आपल्या जिल्ह्यांत तर काल जे जमलं ते लाज वाटण्याइतकं कमी आहे.

सर्जनांच्या बाजूने येणारा कौशल्याचा मुद्दाही खरा आहे. पोलंडमधल्या एका अभ्यासात, जो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना यंत्राच्या मदतीची सवय झालेल्या डॉक्टरांना ती मदत नसताना गाठी सापडण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. अनुभवी माणसांचं असं होतं, तर शिकाऊ डॉक्टरांचं काय होईल? यावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही: निवासी डॉक्टरने आधी नाडी हाताने बघावी, आपला अंदाज लिहावा, आणि मगच यंत्राचं उत्तर उघडावं. उपकेंद्रात मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. जिथे आज पाय तपासलाच जात नाही तिथे विसरण्यासारखं कौशल्य कुठे आहे?

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आलं आणि ते केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या कक्षेत गेलं. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याच वर्षी वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. यंत्र सुरक्षित आहे का, माहिती कुणाची, संमती कशी घ्यायची, हे प्रश्न त्यांत येतात. इशारा दिल्यानंतर काय, हा प्रश्न मात्र कुणाच्याच पदरात पडलेला नाही. ‘या पायाला रक्त कमी आहे’ असं कळलेल्या माणसाला पुढच्या रुग्णालयात कोण बघणार, किती दिवसांत, कुणाच्या पैशाने? हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली आणि असंख्य कुटुंबांना दिलासा मिळाला. त्या आदेशात पायाच्या धमन्यांचे स्टेंट नव्हते. हृदयाच्या रुग्णाला आपण जितक्या तातडीने हलवतो तितक्या तातडीने काळ्या पडणाऱ्या पायाला हलवत नाही, आणि यात यंत्राने काही बदल होणार नाही. पुढची वाट बांधलेली नसताना दिलेला इशारा म्हणजे आधीच गरीब असलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवलेली आणखी एक चिंता.

म्हणून राज्य सरकारं अशी यंत्रणा विकत घेणार असतील तर निविदेत अचूकतेच्या टक्केवारीबरोबर आणखी काही अटी हव्यात. इशारा मिळालेल्या दर शंभर रुग्णांपैकी कितीजणांना ठरलेल्या मुदतीत व्हॅस्क्युलर सर्जनने पाहिलं, निदान दूरचिकित्सेने तरी, हे मोजलं जावं आणि जाहीर व्हावं. ते प्रमाण घसरलं तर जबाबदारी विक्रेत्याची आणि आरोग्य विभागाची, दोघांची. पाय काढण्याची शिफारस करणारं कुठलंही भाकीत पूर्वपरवानगीच्या टेबलावर वापरायला स्पष्ट मनाई असावी.

आणि या सगळ्याच्या आधी, एकही यंत्र न घेता करण्यासारखी एक गोष्ट आहे. घोट्याच्या वरून पाय काढण्याची प्रत्येक शस्त्रक्रिया होण्यापूर्वी संमतीपत्रासोबत एक पान भरणं बंधनकारक करावं. गेल्या सहा महिन्यांत या पायाचा रक्तप्रवाह तपासला गेला का. कधी, कुणी, कशाने? धमनी मोकळी करण्याचा विचार झाला का? नसेल, तर कारण वैद्यकीय होतं, पैशाचं होतं, अंतराचं होतं, की तज्ज्ञच नव्हता? जिल्हावार ही पानं दरवर्षी प्रसिद्ध व्हावीत. कुठल्या तालुक्यात डॉपलर हवा, कुठे सर्जन हवा आणि कुठे फक्त एक रुग्णवाहिका हवी, हे त्यांतून दिसेल. उद्या एखादं यंत्र आपल्या नोंदींवर शिकवायचंच झालं तर पाय का गेला हेही त्याला शिकवता येईल. छापलेला कागद आणि एक सरकारी आदेश, एवढंच यासाठी लागतं.